वंश, नगर आणि भाषा : तंजावरच्या मराठी वाङ्मयाविषयी एक विचार

ग्रीक नगरराज्यांचा उदयास्त हा विषय निघाला की आपल्यापुढे अथेन्स आणि स्पार्टा ही दोनच नावे उभी राहतात. वास्तविक ग्रीक जगाचा फार मोठा भाग मायभूमीच्या बाहेर पसरलेला होता. समुद्र ओलांडून गेलेल्या लोकांनी परक्या किनाऱ्यांवर नगरे वसविली आणि त्यांपैकी काही नगरांनी मातृनगरीलाही मागे टाकले. अशा नगरांचे मुकुटमणी म्हणजे सिसिली बेटावरील सिराक्यूज. इ. स. पूर्व ७३३ च्या सुमारास कॉरिंथच्या लोकांनी ते वसविले. इ. स. पूर्व ४१३ मध्ये तेथे अथेन्सच्या आरमाराचा संपूर्ण नाश झाला. पुढे डायोनिशियससारखे हुकूमशहा तेथे नांदले, प्लेटोसारखा तत्त्वज्ञ तेथे जाऊन निराश होऊन परतला, आणि इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमन सेनापती मार्सेलस याने ते जिंकले तेव्हा आर्किमिडीज मारला गेला. सुमारे पाच शतकांची ही कथा आहे.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकाला अथेन्सपेक्षा सिराक्यूज अधिक जवळचे वाटावे, असे या लेखकाला वाटते. कारण आपल्या इतिहासातही मायभूमीपासून दूर वसलेले एक राज्य होऊन गेले आहे आणि त्याच्या उदयास्ताचा अर्थ आपण अद्याप नीट लावलेला नाही. ते राज्य म्हणजे तंजावर. प्रस्तुत लेखात त्या राज्याचा राजकीय इतिहास सांगण्याचा हेतू नाही. त्या राज्याने मागे ठेवलेल्या चार लेखनकृतींची परीक्षा करावी आणि 'ऱ्हास' हा शब्द आपण कोणत्या गोष्टीला लावतो ते तपासावे, एवढाच उद्देश आहे.

१

प्रथम स्थूल रूपरेषा. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरचे सरदार म्हणून तंजावरच्या नायकांच्या तंट्यात पडले आणि १६७५-७६ च्या सुमारास त्यांनी ती गादी स्वतःच घेतली. १६७७ मध्ये कोल्लिडमच्या काठी तिरुमलवाडी येथे दोघा बंधूंची भेट झाली, ती वाटणीच्या वादाने कडवट ठरली. एकोजींमागून शहाजी (१६८४–१७१२), पहिला सरफोजी, तुकोजी आणि, काही वर्षांच्या गोंधळानंतर, प्रतापसिंह (१७३९–१७६३) असे राजे झाले. त्यानंतरच्या तुळजाजींच्या काळात राज्याला ग्रहण लागले. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले, १७७६ मध्ये ते परत मिळाले, आणि १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने कावेरीचा सारा प्रदेश उद्ध्वस्त झाला. दुसरे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, राज्यकारभार कंपनीच्या स्वाधीन करून किल्ला आणि नेमणूक यांवर त्यांना समाधान मानावे लागले. १८३२ मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंतानावाचून मरण पावताच कंपनीने उरलेसुरले नावही पुसून टाकले. राणी कामाक्षीबाईंनी न्यायासाठी धाव घेतली. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, हे राजसत्तेचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असा निर्णय दिला.

या कथेचा जो अर्थ आपल्याकडे रूढ आहे तो असा : तंजावरचे मराठे महाराष्ट्रातील मुख्य प्रवाहापासून तुटले म्हणून नष्ट झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दक्षिणेतील मराठ्यांना स्वतंत्र प्रकरण दिले, हा त्यांच्या दृष्टीचा मोठेपणा होय. परंतु नंतरच्या लेखकांच्या हातून त्या विषयाचा बहुधा एक बोधपाठ होऊन बसला. धाकट्या घराण्याने थोरल्याशी फटकून वागू नये, असा तो बोधपाठ.

हे अनुमान पुरते खरे नाही. मायभूमीहून मदत आलीच नाही असे नव्हे. कॉरिंथने इ. स. पूर्व ३४४ मध्ये टिमोलियनला पाठवून संकटातील सिराक्यूजला हात दिला, तसेच साताऱ्याहून निघालेल्या फौजा १७४० मध्ये फत्तेसिंग आणि रघूजी भोसले यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकात उतरल्या. त्यांनी नबाब दोस्तअलीला दमलचेरीच्या घाटात मारले, १७४१ मध्ये त्रिचनापल्ली घेतली आणि तंजावरला सतावणाऱ्या चंदासाहेबाला कैद करून साताऱ्यास नेले. भेद पुढे आहे. टिमोलियनच्या पाठोपाठ हजारो वसाहतकरी आले, त्यांनी ओस पडलेले नगर पुन्हा भरले आणि तो स्वतः तेथेच राहून तेथेच वारला. आपल्या फौजा परत गेल्या आणि मुराररावाच्या हाती ठेवलेली त्रिचनापल्ली १७४३ मध्ये निजामाने घेतली.

राजकीय ऱ्हासाचे खरे कारण भावबंदकीपेक्षा पुष्कळ रुक्ष आहे. कावेरीच्या मुखाकडील भातशेतीचे उत्पन्न हे कर्नाटकातील सर्वांत भरवशाचे उत्पन्न होते. अर्काटचा नबाब कंपनीच्या नोकरांचा आणि मद्रासेतील सावकारांचा कर्जदार होता, आणि ते कर्ज फेडण्यासाठी तंजावरचे भात तारण ठेवल्यासारखे झाले होते. १७७६ मध्ये तंजावर परत देणाऱ्या लॉर्ड पिगट या गव्हर्नराला त्याच्याच कौन्सिलने त्याच वर्षी अटक केली आणि पुढील वर्षी तो अटकेतच मेला. नबाबाच्या कर्जांवर एडमंड बर्कने १७८५ मध्ये पार्लमेंटात जे प्रसिद्ध भाषण केले त्याच्या पार्श्वभूमीवर हेच प्रकरण होते. राज्य सुपीक होते म्हणून बुडाले, असे म्हटल्यास ते सत्याच्या अधिक जवळ जाईल.

परंतु राज्य बुडणे आणि वाङ्मय बुडणे या दोन निराळ्या घटना आहेत. त्यांची कारणेही निराळी असतात. आपले टीकाकार या दोहोंची गल्लत करतात, आणि येथेच प्रस्तुत लेखकाचा त्यांच्याशी मतभेद आहे.

२

तंजावरच्या मराठी गद्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्राकारभिंतीवर कोरलेले 'भोसलेवंशचरित्र'. दुसऱ्या सरफोजींच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीस यांनी ते रचले आणि १८०३ मध्ये ते दगडावर चढले. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख अशी त्याची ख्याती आहे आणि ती ऐकून मराठी प्रवासी तेथे अभिमानाने उभा राहतो. तो अभिमान स्वाभाविक आहे. पण अभिमान ही समीक्षा नव्हे.

पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे त्याचे साल. राज्यकारभार १७९९ मध्ये गेला आणि राज्याचा इतिहास १८०३ मध्ये कोरला गेला. सत्ता असताना राजे देवळांना गावे देतात, कालवे खणतात, मोहिमा काढतात. स्वतःचे सविस्तर चरित्र दगडावर कोरून ठेवण्याची निकड त्यांना सहसा भासत नाही. सरफोजींना ती भासली. त्यांचे दत्तविधानही एकदा नामंजूर होऊन पुन्हा मंजूर झालेले होते. १७८७ मध्ये कंपनीने अमरसिंहाला गादी दिली आणि १७९८ मध्ये तोच निर्णय फिरविला. ज्याचा वारसा दुसऱ्याच्या कलमाने दोनदा ठरविला गेला, त्याने वंशावळ दगडावर नोंदवावी यात नवल नाही. या दृष्टीने पाहिले असता हा लेख विजयस्तंभ नसून वारसाचे कागदपत्र आहे.

दुसरी गोष्ट त्याच्या नावात आहे. हे 'भोसलेवंशचरित्र' आहे, 'तंजावरचरित्र' नव्हे. कथेचा नायक वंश आहे. पुराणकालापासून निघून मालोजी, शहाजी, शिवाजी, एकोजी असे करीत ती चालू राजापर्यंत येते. बखरीची घडण अशीच असते, हे मान्य. परंतु ही बखर कोठे लिहिली आहे ते पाहावे. ज्या मंदिराच्या भिंतीवर ती आहे त्याच मंदिरात, इ. स. १०१० च्या आसपासचे, राजराज चोळाचे तमिळ लेख आहेत. त्यांत राजाची प्रशस्ती आहेच, पण तिच्यामागून येते ती यादी : देवळाच्या सेवेस आणलेल्या चारशे नर्तकी, प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या देवळातून आली ते आणि तिचे घर कोणत्या आळीत कितवे ते. दिव्याच्या तुपासाठी गुरे सांभाळणाऱ्या धनगरांचीही नावे त्यांत आहेत. चोळ राजा आपल्यापेक्षा आठशे वर्षांनी जुना, पण त्याच्या दगडावर राजाशिवाय आणखी माणसे राहतात. आपल्या दगडावर बहुतांशी राजेच राहतात.

सिराक्यूजशी तुलना केली तर हा भेद आणखी उठून दिसतो. त्या नगराच्या नाण्यांवर नगराचे नाव नसे. तेथे 'सिराक्यूजवासीयांचे' असा षष्ठ्यंत शब्द असे, म्हणजे हे नाणे त्या लोकांचे. थ्युसिडिडीसच्या इतिहासात युद्ध 'अथेन्स' करीत नाही, 'अथेनियन' करतात. राज्य म्हणजे माणसे, ही कल्पना त्या भाषेच्या व्याकरणातच शिरलेली होती. म्हणूनच सिराक्यूजमध्ये हुकूमशहा आले, गेले, मारले गेले, तरी 'सिराक्यूजवासी' हा शब्द उरला. अर्थात तेथेही दरबारी इतिहासकार होतेच. डायोनिशियसला सत्तेवर येण्यास मदत करणारा फिलिस्टस हा मोठ्या योग्यतेचा लेखक होता, पण सत्ताधीशांची बाजू घेतो असा ठपका प्राचीनांनीच त्याच्यावर ठेवला. त्याचा ग्रंथ आज केवळ त्रुटित अवतरणांतून उरला आहे. बाबूराव चिटणिसांचे लेखन मात्र दगडाच्या कृपेने संपूर्ण उरले. नशीब चांगले, परंतु टिकाऊपणा हा वाङ्मयीन गुण नव्हे.

इतके म्हटल्यावर न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे गद्य दफ्तरात वाढलेले आहे. त्यात फार्सी शब्दांचा वापर पुण्याच्या कागदांइतकाच सहज आहे आणि दक्षिणेच्या वास्तव्याचे संस्कारही त्यावर झालेले आहेत. महाराष्ट्रातून निघून सव्वाशे वर्षे लोटली असताना, सभोवार तमिळ आणि तेलुगू असताना, एक चिटणीस इतके दीर्घ आणि सलग मराठी गद्य लिहू शकतो, याचा अर्थ त्या दफ्तरात मराठी जिवंत होती. दोष भाषेचा नाही. त्या भाषेला कोणाशी बोलायचे आहे हे ठरलेले नव्हते, हा दोष आहे. मंदिरात येणारा भाविक तमिळ. राजवाड्यातील अधिकाऱ्याला कथा आधीच ठाऊक. कंपनीच्या रेसिडेंटाला मराठी येत असल्यास तो एक वाचक. मग हा लेख वाचणार कोण?

३

हाच प्रश्न घेऊन तंजावरच्या नाट्याकडे वळले पाहिजे. शहाजीराजांचे 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे सतराव्या शतकाच्या अखेरचे मराठी नाटक. त्याच्या शोधाने मराठी रंगभूमीचा आरंभ १८४३ च्या सांगलीतून दीडशे वर्षे मागे गेला, असे अभ्यासक सांगतात. प्रतापसिंहाच्या नावावरही अनेक मराठी नाटके आहेत. ही नाटके यक्षगानाच्या घडणीची आहेत. त्यांत कथा पौराणिक, पदे विपुल आणि संवाद बेताचे. शहाजीराजे तेलुगूतही तितक्याच हौसेने लिहीत. त्यांचे 'पल्लकीसेवा प्रबंध' तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींच्या सेवेसाठी रचलेले आहे, आणि 'पंचभाषाविलासा'त तर संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर बोलतात. १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव 'शहाजीराजपुरम्' या नावाने ४६ विद्वानांना इनाम देणारा हा राजा खऱ्या अर्थाने बहुभाषिक होता.

या औदार्याचे कौतुक करावे तेवढे थोडे. मराठी सत्तेने तंजावरात स्थानिक भाषांना दडपले नाही. उलट नायकांच्या काळातील तेलुगूची परंपरा तिने पुढे चालविली. पण त्याबरोबरच आणखी एक गोष्ट घडली. मराठी नाटकाचा प्रेक्षक राजवाड्याच्या चौकापुरता राहिला. विष्णुदास भाव्यांचे नाटकही संस्थानिकाच्याच आश्रयाने सुरू झाले, तथापि आश्रय संपताच ते गावोगाव निघाले आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून त्याचे प्रयोग झाले. तंजावरचे नाटक राजवाड्याबाहेर तिकिटावर गेले नाही. एकाने दीडशे वर्षांची आघाडी घेतली, दुसऱ्याने दहा वर्षांत प्रेक्षक मिळविला, आणि परंपरा दुसऱ्यापासून सुरू झाली. वाङ्मयेतिहासात 'पहिला' कोण हा प्रश्न आपण फार विचारतो. कोणाच्या मागून कोण आले, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

सिराक्यूजच्या संबंधात प्लूटार्कने एक आख्यायिका दिली आहे. पराभूत अथेनियन सैनिक तेथील दगडांच्या खाणींत बंदिवान होते, तेव्हा युरिपिडीसच्या नाटकांतील पदे ज्यांना म्हणता आली त्यांच्यापैकी कित्येकांची सुटका झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, एवढे निश्चित की शत्रूच्या नगरातील सामान्य माणसालाही नाटकाची गोडी होती, असे प्राचीनांना सहज पटत होते. तंजावरच्या मराठी नाटकाबद्दल अशी आख्यायिका कोणी रचली नसती.

दुसऱ्या सरफोजींचे 'देवेंद्र कुरवंजी' हे मात्र निराळ्या जातीचे लेखन आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात डोंगरात राहणारी कुरत्ती येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि विरहिणी नायिकेचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींनी हा साचा उचलला, त्यात मराठी पदे घातली आणि कुरत्तीच्या तोंडी जगाचा भूगोल दिला. पृथ्वीवरील खंडे, त्यांतील देश आणि नगरे ती सांगत जाते. काव्य म्हणून पाहिले तर हा प्रयोग फसलेला आहे, असेच म्हणावे लागते. स्थळनामांची माळ कितीही तालात म्हटली तरी तिच्यातून रस निर्माण होत नाही, आणि कुरत्तीच्या मूळ बोलण्यात जो डोंगराचा वास असतो तो नकाशावरच्या नावांना येत नाही. पण कल्पना म्हणून ते धाडसाचे आहे. साचा तमिळ, भाषा मराठी, आशय युरोपातून आलेला, आणि उद्देश शिकविण्याचा. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या आणि स्वतःचे राज्य नकाशावरून जाताना पाहिलेल्या राजाने सगळ्या जगाचा नकाशा पदांत बांधावा, यात काहीतरी मनाला चटका लावणारे आहे.

तिसरी कृती छापील आहे. सरफोजींनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना उभा केला. तेथून १८०६ मध्ये निघालेली 'बालबोध मुक्तावली' म्हणजे इसापाच्या गोष्टींचा मराठी अनुवाद. ग्रीक परंपरेतला गुलाम कथाकार मराठी छापील अक्षरांत अवतरला तो पुण्यामुंबईत नव्हे, कावेरीकाठी. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'इसापनीती' मुंबईत निघाली ती १८२८ मध्ये. येथेही आघाडी तंजावरची आणि परंपरा मुंबईची. सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्याच वर्षाच्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' मुंबईत सुरू झाले होते. दोन्ही ठिकाणी राज्य कंपनीचेच होते. तेव्हा मराठी वाङ्मयाची वाढ स्वराज्यावर अवलंबून होती, हे म्हणणे टिकत नाही. मुंबईच्या छापखान्याला वर्गणीदार होते. तंजावरच्या छापखान्याला धनी होता.

येथे कोणी म्हणेल, मुंबईभोवती लाखो मराठी माणसे होती, तंजावरात मूठभर, त्यांनी वर्गणीदार कोठून आणावेत? हा आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर तंजावरनेच एका ठिकाणी देऊन ठेवले आहे. त्याकडे आपण पुढे येऊ.

४

चौथी लेखनकृती सर्वांत कमी प्रसिद्ध आहे आणि या लेखकाच्या मते सर्वांत श्रेष्ठ आहे. ती ग्रंथ नाही, पत्र आहे. सरफोजींनी जानेवारी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला ते पाठविले. आज ते इंग्रजीत उपलब्ध आहे. विषय रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांचा. छत्र म्हणजे यात्रेकरूंसाठी बांधलेली अन्नछत्रासह धर्मशाळा. या छत्रांना लावून दिलेली गावे कंपनीच्या वसुलीत जाऊ नयेत, ती आपल्याकडेच राहावीत, एवढीच मागणी.

मागणी लहान, पण ती करताना राजाने छत्रात काय चालते ते सांगितले आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत जो वाटसरू येईल त्याला शिजविलेला भात मिळतो, शिजविलेले न चालणाऱ्याला शिधा मिळतो. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा करतात की कोणी उपाशी राहिला असेल त्याने यावे. पावसाने अडकलेल्याला पाऊस थांबेतो ठेवून घेतात. आजाऱ्याला वैद्य आहे, मेलेल्याला त्याच्या जातीच्या रीतीने संस्कार आहेत, तान्ह्या मुलाला दूध आहे. वाटेत बाळंत झालेल्या स्त्रीला तीन महिने राहता येते. परक्या माणसांची अनाथ मुले पंतोजीच्या हवाली करतात, त्यांना तीनदा जेवू घालतात, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालतात, आवडेल ती विद्या शिकवितात आणि पुढे त्यांची लग्नेही लावून देतात.

या पत्रात वंश नाही, सूर्यकुल नाही, शौर्य नाही. घंटा आहे, तेल आहे, तीन महिन्यांची मुदत आहे. ज्या राजाच्या भिंतीवरील इतिहासात सामान्य माणसाला जागा मिळाली नाही, त्याच राजाच्या अर्जात ती सगळी माणसे रांगेने येऊन बसली आहेत. आणि या पत्राला वाचक निश्चित होता, त्याच्याकडून काय हवे तेही निश्चित होते. गद्य कोठे जिवंत होते याचे हे उत्तम उदाहरण होय.

पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, तंजावरच्या दक्षिणेस पट्टुकोट्टईच्या वाटेवर ओरत्तनाडु येथे सरफोजींनी नवे छत्र बांधले. त्याचे नाव मुक्तांबाळपुरम्. मुक्तांबाळ ही राणी नव्हती. ती राजाची प्रिय सखी, आणि आपल्या नावाने छत्र व्हावे ही तिची अंतकाळची इच्छा होती, असे परंपरा सांगते. म्हणजे पत्र १८०१ चे, छत्र १८०२ चे, शिलालेख १८०३ चा. तीन वर्षांतल्या या तीन गोष्टी एका ओळीत ठेवून पाहाव्यात. शिलालेखात जिला स्थान मिळण्याची शक्यता नव्हती तिच्या नावाने ओरत्तनाडूचे अन्नछत्र आणि शाळा चालली. भोसल्यांच्या वंशचरित्रापेक्षा मुक्तांबाळेचे नाव तमिळ वाटसरूंच्या तोंडी अधिक गेले असेल, असे म्हणण्यास हरकत नाही. तंजावरच्या मराठी राज्याचा नगराशी, म्हणजे तेथील माणसांशी, खरा संबंध कोठे जडला असेल तर तो या छत्रांत जडला.

सरफोजींची तुलना सिराक्यूजच्या दुसऱ्या हिरॉनशी करण्याचा मोह होतो. इ. स. पूर्व २६३ मध्ये रोमशी तह करून त्याने जवळजवळ अर्धे शतक शांततेने राज्य केले आणि आर्किमिडीजला आश्रय दिला. हॅनिबलने रोमचा पराभव केला तेव्हा हिरॉनने रोमला धान्य आणि विजयदेवतेची सोन्याची मूर्ती भेट पाठविली. सरफोजींनीही ग्रंथालय वाढविले, वैद्यक आणि शरीरशास्त्राचा नाद केला, आणि नेपोलियनच्या पाडावाप्रीत्यर्थ समुद्रकाठी 'मनोरा' उभारून त्यावर इंग्रजांचा मित्र म्हणून आपले नाव अनेक भाषांत लिहविले. दुसऱ्याच्या विजयाचे स्मारक स्वखर्चाने उभारणे हा अंकित मित्राच्या नशिबाचाच भाग असावा. फरक इतकाच की हिरॉनच्या मागे नगर होते. त्याचा नातू रोमवर उलटला तेव्हा सिराक्यूजवासी तटावर उभे राहिले. १८५५ मध्ये तंजावरच्या तटावर कोणी उभे राहिले नाही. राण्या न्यायालयात गेल्या.

५

१८५५ नंतर मराठीचे काय झाले? दफ्तर थांबले, आणि दफ्तराबरोबर मोडी लिहिणाऱ्याचे पोटही थांबले. सरस्वती महालात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची शेकडो बासने उरली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्या मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले. आपले कागद परक्या भाषेत जतन झाले, याचा खेद मानण्यापेक्षा ऋण मानावे हे बरे.

दफ्तरातील माणसे मात्र नाहीशी झाली नाहीत. कुंभकोणम् येथे जन्मलेले तंजावरचे मराठी टी. माधवराव (१८२८–१८९१) त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्याच कुळातले रघुनाथराव इंदूरला दिवाण होते. राज्य गेले तरी राज्य चालविण्याची विद्या उरली आणि तिला सबंध हिंदुस्थानात मागणी आली. या पत्रिकेच्या वाचकांना हे पूर्वज परके वाटू नयेत. बदलीची नोकरी, परक्या प्रांतातले घर, दारात तेथली भाषा आणि स्वयंपाकघरात आपली, हा संसार त्यांनी आपल्या आधी केला आहे.

आणि आता मघाशी पुढे ठेवलेले उत्तर. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरात होतेच, भीमस्वामींची परंपरा तेथे रुजली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारखे कीर्तनकार तेथे गेले आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी ते कीर्तन ऐकून तमिळ हरिकथेला नवी घडण दिली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते आजही तमिळ कथाकाराच्या तोंडी त्याच नावांनी आहेत. मराठी नाटक राजवाड्यात राहून मराठी राहिले आणि संपले. मराठी कीर्तन देवळाच्या मंडपात गेले, त्याने भाषा बदलली आणि ते जगले. मूठभर माणसांना वर्गणीदार कोठून मिळणार, या आक्षेपाला हे उत्तर आहे : शेजाऱ्यांतून मिळतात, पण त्यासाठी स्वतःपैकी काही द्यावे लागते. ज्याला हे द्यावेसे वाटत नाही त्याने किंमत मोजण्यास तयार असावे. ज्याने दिले त्याने पुढे ते आपले नाव सांगत नाही म्हणून रागावू नये.

या दोहोंमध्ये तिसरी गोष्ट उरते, ती घरातील बोली. सिराक्यूजचा कवी थिओक्रिटस याच्या एका काव्यात त्या नगरातल्या दोन स्त्रिया दूर अलेक्झांड्रियाच्या गर्दीत बोलत असतात आणि एक परका त्यांच्या रुंद डोरिक उच्चारांवरून त्यांना हिणवतो. तेव्हा त्यांपैकी एक उसळून सांगते की आम्ही मूळच्या कॉरिंथच्या, डोरियनांनी डोरिक बोलायचे नाही तर कोणी? त्या काळी सिराक्यूज वसून साडेचार शतके झाली होती. तंजावरच्या मराठी घरांत आजही जी मराठी बोलली जाते तिची वाक्यरचना तमिळच्या वळणावर गेली आहे, आणि पुण्याच्या पाहुण्याला तिचे हसू येते. हसणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की त्या बोलीला दीडशेहून अधिक वर्षे राजा नाही, दफ्तर नाही, छापखाना नाही. तिला टिकवून ठेवण्याचा हुकूम कोणी काढला नाही. तरीही ती आहे. मग तंजावरचा ऱ्हास झाला असे म्हणताना आपण नेमके कशाचे नाव घेतो? वंश संपला हे खरे. नगर मराठी कधी झालेच नव्हते. भाषा मात्र उतरत्या पायरीवर का होईना, अजून घरात बसली आहे.

आपल्या मंडळांच्या ग्रंथालयांत आणि गणेशोत्सवांत आपण जे मराठीपण सांभाळतो ते यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे प्रत्येक गावच्या मंडळाने आपापल्यापुरते पाहावे. भिंतीवर कोरण्यासारखे पुष्कळ आपल्याजवळ आहे. रात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले आहे का, असे शेजारच्या वस्तीला विचारण्याची रीत किती मंडळांत आहे, याची गणती अजून व्हायची आहे. ओरत्तनाडूच्या वाटेवर ती रीत एके काळी होती, आणि ती पाळणारे राज्य मराठी होते, ही आठवण त्या गणतीच्या वेळी उपयोगी पडेल.